होती तशी करून द्या

"तुम्ही माझी गाडी बिघडवलीत," बाई म्हणाल्या आणि किल्ली मुठीत घट्ट धरून सर्व्हिस सेंटरच्या काउंटरसमोर उभ्या राहिल्या.

सर्व्हिस अॅडव्हायझरने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. आज जो येत होता तो भांडायलाच येत होता. एकाच्या गाडीतली मॅट दुसऱ्याच्या गाडीत गेली होती, आणखी एकाचा नवा वायपर काच सोडून सगळीकडे फिरत होता. पण चेहऱ्यावरचं हसू त्याने ढळू दिलं नाही. पगार त्याचाच होता.

"बसा ना मॅडम. काय राहिलं? हॉर्न?"

"हॉर्न वाजतो."

"रेडिओ?"

"तोही लागतो. मी तेवढ्या दोनच गोष्टी सांगितल्या होत्या."

"मग झालं काय?"

"गाडी चालू होते."

तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला.

मग त्याला आठवलं. ही गाडी टो करून आणली होती. स्टार्टरचा रिलेच जागेवर नव्हता, त्यामुळे इंजिन सुरूच होत नव्हतं. मॅनेजरसाहेबांचा दंडकच होता, की नजरेला पडलेलं बारीकसारीक काम न विचारता फुकटात करून टाकायचं आणि मग गिऱ्हाइकाला फोन करून दहापैकी दहा गुण मागायचे. त्याप्रमाणे मिस्त्रीने बोटाच्या पेराएवढा नवा रिले बसवला होता, आणि आपण किती चांगले म्हणून सगळे खूश झाले होते.

"अहो, ते तर आम्ही फुकट करून दिलं!"

"मला विचारलंत?"

"चांगल्या कामाला काय विचारायचं, मॅडम?"

"होती तशी करून द्या. आत्ता. मी इथून हलणार नाही."

मिस्त्री हात पुसत आला, ऐकलं आणि हसायलाच लागला. "कमाल आहे बुवा! लोक गाडी चालू करून मागतात. बंद करून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

बाई हसल्या नाहीत. अॅडव्हायझरला ते कसंतरीच वाटलं. गाडी एकदा बघून येतो म्हणून तो बाहेर गेला.

स्टिअरिंगपाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले पांढरे केस. येताना ते शेजारच्या सीटवर होते, बाईंची पाठ वळताच सरकून इकडे आले असणार.

"लवकर आटपा हो," ते म्हणाले. "पोरीची शिकवणी सुटायची वेळ झाली. फाटकाशी एकटी उभी राहते. भारी घाबरट आहे."

"पाच मिनिटं, काका."

"आणि त्या बाईंकडून किल्ली तेवढी घ्या बरं का. कोण कुठल्या, माझी किल्ली दाबून बसल्यात!" आणि त्यांनी डोळे मिचकावले.

अॅडव्हायझरला हसू आलं. सुनेची अशी थट्टा करणारे सासरे त्याने पाहिले होते. म्हातारा मोठा गोड होता, आणि सून मात्र एवढ्याशा गोष्टीवरून आकांडतांडव करत होती. त्याला मनापासून वाईट वाटलं.

आत येऊन तो जरा कडकच बोलला. "मॅडम, त्यांना नातीला आणायला जायचंय. कशाला गाडी बंद करता?"

"काल गेले होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही गाडी आणून सोडलीत, आणि मी कणीक मळत होते तेवढ्यात बाहेर पडले. चौकात उलट्या बाजूने शिरले. टँकरवाल्याने ब्रेक मारला म्हणून..."

मिस्त्रीचं हसणं कुठल्या कुठे पळालं.

"मग विकून टाका ना," अॅडव्हायझर हळू आवाजात म्हणाला.

"विकली तर ते पायी निघतील, त्याच रस्त्याने. गाडी दारात हवी. दिवे लागायला हवेत, हॉर्न वाजायला हवा. फक्त जागची हलता कामा नये. तो रिले मी मुद्दाम काढून घेतला होता हो!"

"आणि ती पोरगी? ती तिकडे ताटकळत उभी राहील त्याचं काय?"

"तिची काळजी तुम्ही करू नका."

हे बोलणं त्याला टोचलं. त्याचीही मुलगी लहान होती, शिकवणीला जायची. पण चूक आपली होती, आणि त्या चुकीपायी काल एक माणूस जाता जाता वाचला होता. तो उठला.

"माफ करा, मॅडम. विचारायला हवं होतं आम्ही."

मॅनेजरसाहेब तणतणत आले. चालू गाडी बंद करून दिली तर वरच्यांना काय तोंड दाखवू, म्हणाले. अॅडव्हायझरने ऐकून घेतलं आणि मिस्त्रीला बॉनेट उघडायला सांगितलं. काम क्षणाचं होतं. टो करणारी गाडी मागवली, तीही सेंटरच्या खर्चाने.

"एकदा त्यांना किल्ली फिरवून बघू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी काचेतून हात घालून म्हाताऱ्यांना किल्ली दिली. "घ्या. झाली तुमची गाडी."

"उपकार झाले, बाई," म्हातारे म्हणाले. त्यांनी किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, रेडिओ गाऊ लागला. इंजिनाचा आवाज काही आला नाही, पण त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी आरसा नीट केला, गिअर टाकला आणि स्टिअरिंग वळवायला सुरुवात केली. गाडी होती तिथेच होती. ते गाण्यावर मान डोलवत होते. मध्येच हात बाहेर काढून त्यांनी कुणाला तरी वाट दिली. अॅडव्हायझरने घड्याळाकडे पाहिलं. कुठे तरी एका फाटकाशी ती पोर उभी असेल, आणि हे इथे!

त्याने बाईंना शोधलं. त्या गाडीजवळ नव्हत्या. सेंटरच्या फाटकापाशी जाऊन, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या होत्या.

म्हाताऱ्यांनी ब्रेक दाबला. दोनदा हॉर्न वाजवला. त्यांचा चेहरा उजळला.

बाई धावत आल्या, मागचं दार उघडून आत बसल्या आणि गाल फुगवून म्हणाल्या, "बाबा, किती उशीर केलात आज!"