कोपराखालचं पेडल

मिस्त्रींनी जुन्या शिलाई मशीनचं हँडल काढून मोटर बसवली. शकूताईंचे पाय लहानपणीच पोलिओने गेलेले, म्हणून पेडल टेबलावर, कोपराखाली ठेवलं.

"आता तुझं कुणावाचून अडणार नाही, आई," मुलगा म्हणाला.

लग्नापासून हँडल शकूताईंचे यजमान फिरवायचे, त्या दोन्ही हातांनी कापड सांभाळायच्या. दिवाळीनंतर ते गेले आणि मशीनवर चादर पडली.

शकूताईंनी पोलक्याचं कापड सुईखाली सरकवलं. कोपर टेकताच मशीन सुसाट निघालं. शिवण कडेपाशी आली, तशा त्या सवयीने म्हणाल्या, "अहो, थांबा."

मशीन थांबलं नाही. कापड संपलं, तरी सुई खालीवर होत राहिली.

मुलाने शेवटी हळूच त्यांचं कोपर उचललं.