बिनझाकणाचे डबे

"याचंही झाकण नाही!" तालुक्याहून आलेले विस्तार अधिकारी पत्र्याच्या कचराडब्यावर वाकले होते. चौकातला डबा झाला, शाळेजवळचा झाला. एकावरही झाकण नव्हतं.

सरपंच साधना बाजूला उभी होती. हे डबे तिने मागितलेच नव्हते. गेल्या वर्षी तलावाच्या वाटेवर वाघाने सुकलूच्या बायकोला उचललं, तेव्हा ग्रामसभेने त्या वाटेवर लाईट मागितले होते. ठराव घेऊन साधनाने तालुक्याच्या कचेरीत किती खेटे घातले, तिलाच ठाऊक. शाश्वत विकासाच्या ध्येयांतून गावाने 'स्वच्छ आणि हरित गाव' निवडलं होतं. निवडलं म्हणजे, वरून आलेल्या फॉर्मात तेच आधी भरलेलं होतं. गावाचा सगळा निधी त्यालाच बांधलेला.

"लाईट या ध्येयात बसत नाहीत, ताई," तिथला बाबू म्हणाला होता. "डबे बसतात."

"मंग वाघालेच सांगा, ध्येय पाहून येत जा म्हणून!"

बाबू खो-खो हसला. महिन्याभरात डबे आले.

"लोकांनी झाकणं भंगारात विकली ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "डबे वापरात नाहीत असं लिहितो. वसुली सरपंचाकडून होईल."

"विकली नाई, सायेब. वापरून राह्यले लोक."

"कुठे? दाखवा."

साधनाने तलावाकडे पाहिलं. सूर्य झाडांमागे गेला होता. तिची सासू ताराबाई इतर बायांसोबत मासोळ्या धरायला गेली होती. अजून परतली नव्हती.

"थोडं थांबा."

"मला अजून दोन गावं करायची आहेत." अधिकारी जीपकडे वळले.

तेवढ्यात अंधारलेल्या वाटेवरून आवाज आला. पत्र्यावर काठी आपटल्याचा. एक, मग दुसरा, मग एकच दणदणाट. तो हळूहळू गावाकडे सरकू लागला.

"वरात आहे का कोणाची?"

साधना कान देऊन ऐकत होती. सगळ्यांच्या मागून एक ठोका येत होता, सावकाश, बेताल. ताराबाईचा. साधना अधिकाऱ्यांकडे वळली.

"नाई, सायेब," ती म्हणाली. "तलावाच्या वाटेवरचे लाईट लागले."