ढिगाऱ्याच्या दोन्ही बाजूंना

ड्रिलचं टोक पुन्हा तुटलं. मिस्त्रीने मशीन बंद केली आणि बोगदा एकदम गप्प झाला. समोर छतापर्यंत दगडमातीचा ढिगारा. ढिगाऱ्यापलीकडे सहा माणसं, आणि त्यांत मिस्त्रीचा धाकटा भाऊ.

डोंगराच्या पोटातून पाणी न्यायचा हा बोगदा. दोघे भाऊ पहिल्यापासून एकत्रच कामाला. छत कोसळलं तेव्हा धाकटा आत खडक फोडत होता आणि मिस्त्री बाहेर मशीनला तेल घालत होता. तेवढाच काय तो फरक. तेव्हापासून मिस्त्री ढिगाऱ्याला भिडला होता. पहिलं भोक छताच्या लोखंडी कमानीला जाऊन अडकलं. दुसरं वाकडं गेलं आणि भलत्याच खडकात घुसलं. हे तिसरं.

नवं टोक बसवून झाल्यावर त्याने तापलेल्या मशीनवर हात ठेवला आणि मोठ्यानेच म्हणाला, "प्रभू येशू, डोंगर तुझा, आतली माणसं तुझी. माझ्याकडे फक्त ही मशीन, तीही म्हातारी. तू पुढे हो, मी मागून येतो."

सुरुवातीला बरोबरचे गडी याला हसायचे. एव्हाना तेही तेवढा वेळ टोप्या काढून उभे राहायला लागले होते.

आत हवा होती, खडकातून झिरपणारं पाणी होतं. मिस्त्रीला घोर होता तो वेगळाच. धाकट्याकडे धरून राहायला होतं काय? बायकोने ओढत नेलं तरच तो उपासनेला यायचा आणि पाळकांनी तोंड उघडलं की डुलक्या काढायचा. म्हणून मिस्त्रीने मनाशी ठरवून टाकलं होतं, धाकट्याच्या वाट्याचा विश्वासही आपणच ठेवायचा. त्याच्याच काय, सहाही जणांच्या वाट्याचा.

इतक्यात इंजिनिअर साहेब आले. भला माणूस, पण आज त्यांची नजर जमिनीवरून उठेना. ढिगाऱ्यातून एक चेपलेली पाण्याची नळी आरपार गेली होती. आतून कुणीतरी तिच्यावर दगडाने ठोकायचं आणि तो आवाज बाहेर यायचा. कालपासून तो बंद होता.

"मिस्त्री, तुम्ही जरा पडा आता," साहेब म्हणाले. "मशीन थंड होऊ दे. वरून निरोप आलाय, घाई नको."

घाई नको. या दोन शब्दांचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. एक गडी तोंड फिरवून उभा राहिला.

"आवाज येत नाही म्हणून माणसं नाहीत, असं कसं म्हणता साहेब?" मिस्त्री म्हणाला. "मला उभ्या जन्मात एकदाही देवाचा आवाज ऐकू आला नाही. तरी रोज बोलतोच की त्याच्याशी."

"डोकं आपटून डोंगर फुटत नाही हो."

"म्हणून तर ड्रिल लावलंय."

साहेबांच्या ओठांवर नको असताना हसू आलं. त्यांनी मशीन बंद करायला पुन्हा सांगितलं नाही.

दुपारी भावजय चहा घेऊन आली. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते. तिने मिस्त्रीचे हात पाहिले. तळवे सोलवटून निघाले होते, बोटं कप धरायलाही वळत नव्हती.

"दादा, थकलात?"

"अंग थकलंय, पोरी. विश्वास नाही थकला."

ती गेली. मिस्त्री उठला, मशीनवर हात ठेवला आणि प्रार्थनेला तोंड उघडलं. शब्दच येईनात. एवढ्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं. 'प्रभू' एवढंच कसंबसं बाहेर पडलं आणि तो तिथेच मशीनवर कपाळ टेकून राहिला. आता आपल्याच्याने होत नाही, हे त्याला स्वच्छ कळलं.

मग कसं कोण जाणे, अंगात बळ आलं. कुणी मागून पाठीला हात लावून उभं करावं, तसं. या दिवसांत असं बऱ्याचदा झालं होतं. अगदी गळून जायची वेळ आली की कुठून तरी नेमकं तेवढंच बळ यायचं. मिस्त्रीने दांडा ओढला. मशीन धडधडली.

ऊन कलायला लागलं तेव्हा ड्रिलचा जोर एकदम सुटला. समोर खडक नव्हता, पोकळी होती.

गड्यांनी ड्रिल मागे घेऊन भोकात लांब नळी सारली. मिस्त्री आडवा पडला आणि नळीला तोंड लावून ओरडला, "अरे, आहात का रे?"

उत्तर आलं नाही. त्याने कान लावला. आतून एकसुरी पुटपुट ऐकू येत होती. एकाच माणसाची.

"धाकट्या!"

पुटपुट थांबली. "दादा? पोचलास?"

मागे साहेबांनी मटकन खाली बसकण मारली. भावजयीला बोलवायला कुणीतरी पळालं.

"सगळे आहात ना?"

"सहाही. एकाचा पाय मोडलाय, बाकी धडधाकट. भूक लागलीय तेवढी."

"मग ठोकायचं का बंद केलंत रे? इथे आमचा जीव गेला असता!"

"हात उचलेनात, दादा. मग म्हटलं, बसल्या जागी होईल ते करू. तुमची मशीन थांबली की कळायचं, बाहेरचे दमले. तुम्ही खचू नये म्हणून आम्ही नंबर लावून प्रार्थना करत होतो. आत्ता माझा नंबर आहे. थांब, आमेन म्हणू दे, मग बोलू."