नळीत फुंकर

घर दाखवण्याआधी मालक दामल्यांनी दारावरच्या नळीकडे बोट दाखवलं. "फुंका. दारू, मासळी, आजारपण, सगळं कळतं तिला."

माणसं हुंगून भाडेकरू निवडणाऱ्या या म्हाताऱ्याची शर्वाणीला किळस आली. पण नवऱ्याची बदली झालेली, नाइलाजाने तिने फुंकर मारली.

नळीवरचा दिवा लाल झाला, खाली अक्षरं उमटली. "जमणार नाही," दामले तुच्छतेने म्हणाले. "तुम्हाला दिवस गेलेत. पोरं भिंती घाण करतात."

शर्वाणी मटकन पायरीवर बसली. इतक्या वर्षांत मुलासाठी केलेल्या उपचारांपुढे सगळ्या डॉक्टरांनी हात टेकले होते. सोबत आलेला नवरा तिच्या शेजारी बसला.

"उठा आता. पुढचे लोक खोळंबलेत."

शर्वाणी डोळे पुसत उठली. "काका, एवढी गोड बातमी इतक्या कडू तोंडाने सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आमचं बाळ तुमच्या घरात वाढणार नाही, तेच बरं."