पिवळं घर

माझी बायको जुबेदा पहाटे गेली आणि आठ वाजेपर्यंत सगळ्या साजगावात कळलं. मशिदीचा तख्ता दुसऱ्या मयतीला गेला होता, म्हणून तिला शेवटची आंघोळ पडवीतल्या जुन्या लाकडी टेबलावर घातली. घालणाऱ्या बायांत आमची सून अलफिया होती. त्या दिवसापासून ती पडवीत पाऊल ठेवेना, मागच्या दारानं ये-जा करायची. "अब्बा, ते टेबल कुणाला तरी देऊन टाका," एवढंच म्हणायची. मला देववेना. जुबेदा तीस वर्षं त्यावर मासळी कापत होती.

चाळीसावा झाल्यावर मी टेबल घासलं आणि दारांचा उरलेला ऑइलपेंट घेऊन त्यावर लुडो काढायला बसलो. दुसऱ्या दिवशी अलफिया चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली.

"अब्बा, लाल न् पिवळं घर शेजारी कुठं असतं? समोरासमोर पायजे."

"मला काय ठाव? तू न् तुझी सासू मला खेळात घेत कुठं होतात?"

"घेणार कशा? हरायला लागलात की सोंगट्या उधळायचात तुमी!"

हसत हसत ती पडवीत आली, कप टेबलावर ठेवला आणि कुठलं घर कुठं हवं ते बोटानं दाखवू लागली. चाळीस दिवसांत पहिल्यांदा मला मोकळं वाटलं.

रंग ओला होता. त्यात कपाचा गोल उठला आहे. पिवळं घर खरवडून दुसरीकडे काढायचं अजून राहिलं आहे.