अळणी आकडा

वाचकहो, महापुरात ताटातूट झालेल्या पत्नीचा व कन्येचा माग एका गृहस्थाने केवळ बुद्धीच्या बळावर कसा काढला, तो वृत्तांत मी येथे यथामती सादर करीत आहे. वाचताना मन घट्ट ठेवावे, ही नम्र विनंती.

"यादीत वहिनींचं नाव नाही," गणित्या म्हणाला. "जुना फोन नंबरही नाही. दोन्ही घालून पाहिले."

गणित्या हा त्या गृहस्थाचा कचेरीतील सहकारी. चहाचा हिशेबसुद्धा त्याला जमत नसे, म्हणून हे नाव. नदीपलीकडच्या मदत-छावणीचे संगणक सांभाळण्याचे काम त्यांच्याच कचेरीकडे होते. छावणीने पूरग्रस्तांची नावे व नंबर उघडे ठेवले नव्हते. प्रत्येकाचा ठसा तेवढा ठेवला होता. आकडा संगणकात घालावा, तो हजारो वेळा घुसळला जावा आणि अखेरीस अक्षरांची एक निरर्थक माळ उरावी, तो ठसा. ठशावरून मूळ आकडा उलगडत नाही. एकेक संभाव्य आकडा घुसळावा आणि ठसा जुळतो का ते ताडावे, एवढाच मार्ग.

गृहस्थाची दृष्टी मात्र एका नोंदीवर खिळली होती. प्रकृतीविषयीचा मजकूर तेवढा उघडा होता: स्त्री, वय एकतीस, सोबत चार वर्षांची मुलगी, डावे मनगट पूर्वी मोडून वाकडे जुळलेले.

"हीच ती," तो म्हणाला.

"मनगटावरून एवढी खात्री?"

"दवाखान्यात मीच नेलं होतं तिला."

मग नाव वेगळे का, असे गणित्याने विचारले. पुराच्या धक्क्याने माणूस स्वतःचे नावही विसरते, फोन वाहून गेल्यावर कोणाचा तरी उसना नंबर देते, असे गृहस्थाने शांतपणे समजावले. तो छावणीतही जाऊन आला होता; दारावरच्या बाईंनी कोणाबद्दलही बोलण्यास नकार दिला होता. शुक्रवारी छावणी उठणार होती. त्यानंतर माणसे चहूकडे पांगली असती आणि मायलेकींचा ठावठिकाणा कायमचा पुसला गेला असता.

"एक बरं आहे, यादी अळणी आहे," गणित्या म्हणाला. ठसा काढण्यापूर्वी आकड्यात जी गुप्त अक्षरे मिसळतात, त्यांना या व्यवसायात मीठ म्हणतात. घाईगर्दीत छावणीची माणसे ते घालायचेच विसरली होती. "तरी महिना लागेल तुला. आणि ऐक, आपण त्यांचंच मीठ खातो. उद्या बोभाटा झाला तर मी कानांवर हात ठेवणार."

"माझी लेक आहे रे त्यात."

यावर गणित्याने मान खाली घातली आणि यादी त्याच्या हवाली केली.

महिनाभर थांबणे शक्य नव्हते. घरी येऊन गृहस्थाने घुसळणाऱ्या प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली, तेव्हा त्याच्या ध्यानी आले की, नेमक्या याच घुसळणीसाठी प्रोसेसरच्या अंगात एक स्वतंत्र मंडल, म्हणजे सर्किट, आहे आणि प्रोग्राम त्याला हाकही मारीत नाही. गिरणी दारात असून जात्यावर दळण चालले होते. त्याने तेवढा भाग नव्याने लिहिला. वेग डोळे दिपवणारा होता, परंतु ठसे चुकीचे येत होते. स्वतःचाच नंबर घालून पाहिला, तोही जुळेना. पुष्कळ डोके आपटल्यावर उमगले की, ते मंडल बाइट, म्हणजे आकड्याचे लहान तुकडे, उलट्या क्रमाने वाचते आणि आपण सुलट्या क्रमाने भरवीत आहोत. क्रम फिरवताच ठसा अक्षरशः जुळला. महिन्याचे काम आता आठवड्याच्या आत बसत होते.

संगणक रात्रंदिवस घोंघावू लागला. असा नवरा मिळायला पुण्य लागते, असे शेजारीण त्याच्या आईला म्हणाली. आईने दार लोटून घेतले.

आई त्याच्यासोबतच राहत असे. सून आणि नात गेल्यापासून तिचे बोलणे तुटक झाले होते. रोज संध्याकाळी ती दारात येऊन एवढेच विचारी, "किती राहिलं?" तो सांगे. ती आत वळे.

मंगळवारी तो कचेरीतून परतला, तेव्हा संगणक निपचित पडला होता.

"फार तापला होता," आई म्हणाली. "पेट घेईल असं वाटलं. बटण बंद केलं मी."

तो रागावला नाही. आवाजही चढवला नाही. त्याने केवळ तिच्याकडे पाहिले. आईने स्वतःच वाकून बटण पुन्हा चालू केले. झालेले काम यंत्राने जपून ठेवले होते. थोडेच पुन्हा करावे लागले.

गुरुवारी दिवेलागणीला घोंघावणे थांबले. पडद्यावर एकच आकडा उभा होता.

नंबर त्याच्या ओळखीचा नव्हता. त्याने तोंड धुतले, केस नीट केले. मुलीशी आधी बोलावे की तिच्या आईशी, याचा किंचित विचार केला. घसा खाकरून आवाज मऊ केला आणि फोन लावला.

पलीकडे घंटी वाजली. अलीकडेही वाजली.

आवाज स्वयंपाकघरातून, फळीवरच्या डब्यांमागून येत होता. तो आत गेला. आईने तिथे दडवलेला, त्याने कधी न पाहिलेला फोन काढून ओट्यावर ठेवला होता आणि तो वाजू दिला होता. तो थांबेपर्यंत दोघेही हलले नाहीत.

मग त्याने मागे हात नेला आणि नेहमीच्या सवयीने, आवाज न करता, दाराला कडी लावली.

"दोघी काल सकाळीच गेल्या, लांब," आई म्हणाली. "आता हात उचलायचा असेल, तर घरात मी एकटीच उरलेय."

येथवर सोबत केलीत, याबद्दल वाचकांचा ऋणी आहे.
आपला, रंगनाथ तोरस्कर