भिंतीवरच्या तीन थापा

"भिंतीपलीकडून उत्तर आल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही," सासूबाई सांगायच्या. मागच्या साथीत मजल्यावरच्या सगळ्या बायकांनी हा नेम धरला होता. मरण्याआधी सासूबाईंनी तो मंदाकिनीकडून वदवून घेतला.

दारं बंद झाल्याचा आज सहावा दिवस होता. सांडपाण्यात रोगाचे जंतू सापडले की इमारत स्वतःच घराघराची दारं बंद करी, ती एकवीस दिवस उघडत नसत. सकाळी मंदाकिनीने देवापुढे दिवा लावला आणि भिंतीवर तीन थापा मारल्या. पलीकडे एकट्या राहणाऱ्या कमळाक्का रोज लगेच उत्तर देत. आज भिंत गप्प होती.

"झोपल्या असतील," तिचे यजमान जनार्दन म्हणाले. "तू पोहे खाऊन घे."

तिने फोन केला, तर वैद्यकीय पथकाने यायला संध्याकाळची वेळ दिली. तिने पुन्हा थापा मारल्या, तेव्हा पलीकडून नखाने भिंत खरवडल्यासारखा बारीक आवाज आला.

मंदाकिनीने दारावरचं बटण दाबलं. दार म्हणालं, "मदतीसाठी शेजारच्या घरात जाता येईल. साथ संपेपर्यंत परत येता येणार नाही."

"त्यांना रोग असला तर?" जनार्दन दारापाशी आले. "आणि मी इथे एकटा?"

"एकटे कसे? भिंत आहे की." तिने औषधांचा डबा आणि जपमाळ पिशवीत घातली. "माझ्या तीन थापा आल्याशिवाय जेवू नका, अहो. आणि भात जरा मऊच शिजवा."

पोहे तसेच झाकून ठेवून तिने पदर खोचला आणि उंबरठा ओलांडला.